बोली आणि तिसरा इसम

गळिताचा हंगाम ऐन भरात आला, की श्रीपुरात रात्र आणि पहाट यांच्यामधली सीमारेषा पुसट होऊन जाते. उसाच्या गाड्यांचा खडखडाट रात्रभर चालू असतो आणि मळीचा तो गोडसर-आंबट वास, ज्याची इथल्या माणसाला जाणीवही उरलेली नसते आणि नव्या पाहुण्याला मात्र जो पहिल्या दिवशी जेवू देत नाही, थेट उंबऱ्यापर्यंत येऊन बसलेला असतो. अशाच एका पहाटे, दूधवाला नुकताच येऊन गेला होता तेव्हा, ज्यांनी उभी नोकरी काट्यावर उसाच्या गाड्या तोलण्यात घालवली आणि निवृत्तीनंतर ज्यांना जुन्या नाण्यांचा नाद लागला ते आमचे शेजारी अण्णा, हातात मोबाईल आणि चेहऱ्यावर हर्ष व शंका यांचे चमत्कारिक मिश्रण घेऊन माझ्या ओसरीवर आले. “मास्तर, जरा हे वाचा बरं. नाणं मिळालं म्हणायचं का गेलं म्हणायचं?”

हकीकत अशी होती. आदल्या रात्री लिलावाच्या एका संकेतस्थळावर एका तांब्याच्या शिवराईवर अण्णांनी तीन हजार शंभरांपर्यंत बोली चढवली होती. शेवटच्या अर्ध्या मिनिटात कोणा अज्ञाताने शंभर रुपये चढवून ते नाणे पळवले आणि अण्णा हळहळत झोपी गेले. पहाटे संदेश आला, की पहिल्या बोलीदाराने माघार घेतली असून नाणे आपल्याच बोलीला देण्याची विक्रेत्याची तयारी आहे. मात्र संकेतस्थळाची दलाली दोघांचीही वाचावी म्हणून रक्कम थेट खालील क्रमांकावर पाठवावी, आणि तूर्त निदान पाचशे रुपये विसार म्हणून जमा करावा, कारण रांगेत तिसरा बोलीदार उभा आहे. अण्णांनी माझ्याकडे येण्यापूर्वीच पाचशे रुपये पाठवून दिले होते. सल्ला विचारायला माणूस बहुधा या बेतानेच येतो.

या संदेशात वरवर पाहता अविश्वसनीय असे काही नव्हते. विजयी बोलीदाराने पैसे भरले नाहीत तर दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराला वस्तू देऊ करण्याची सोय अनेक लिलाव-संकेतस्थळांवर खरोखरच असते, आणि अण्णांची बोली किती होती हा तपशीलही बिनचूक होता. परंतु बोलीचे आकडे लिलावाच्या पानावर कोणालाही दिसत असतात, आणि हरलेल्या माणसाइतके गोड बातमीला आतुरलेले गिऱ्हाईक दुसरे नसते, ही गोष्ट ठकांना आपल्याइतकीच, किंबहुना आपल्याहून अधिक, अवगत असते. संदेशातला खरा विखार एकाच वाक्यात होता: ‘दलाली दोघांचीही वाचावी म्हणून’. ज्या जिल्ह्यात शेतमालाच्या प्रत्येक गोणीमागे आडत, हमाली, तोलाई यांची वजावट पाहत माणसे म्हातारी झाली, त्या जिल्ह्यात मधल्या माणसाला वगळण्याचा प्रस्ताव कोणाला नकोसा वाटेल? फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूर बाजार समितीत बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला आणि सर्व वजावटींनंतर त्याच्या हाती दोन रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा, धनादेश पडला, ही वार्ता देशभर गाजली होती. असल्या अनुभवांनी पोसलेला आपला दलालावरचा राग रास्त आहे. पण आंतरजालावरच्या लिलावात नेमक्या याच रागाचे भांडवल होते, आणि मधला तिसरा इसम दूर सारला गेला, की बोली लावणारा उघड्या माळावर एकटा उभा राहतो.

लिलावाचा व्यवहार आपल्याला नवा नाही. ‘लिलाव’ हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला, आणि त्याचा जुना भाईबंद ‘हराशी’ हा अरबी-फारसीतून येऊन मामलेदार कचेरीच्या दप्तरांत स्थिरावला. सांगोल्याच्या रविवारच्या जनावरांच्या बाजारात बैलजोडीचा जुन्या पद्धतीचा सौदा ज्याने जवळून पाहिला असेल, त्याला तो देखावा विसरता येणार नाही: हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, विकणाऱ्याचा हात हाती घेतो, वर उपरणे किंवा टॉवेल टाकतो, आणि कापडाखाली बोटे दाबून आकडा बोलला जातो, जो भोवती उभ्या असलेल्या वीस माणसांपैकी एकालाही कळत नाही, मग हेडी तोच हात घेऊन दुसऱ्या बाजूला जातो, मान हलते, पुन्हा बोटे दाबली जातात. बोली अशी झाकलेली असली तरी बैल मात्र उन्हात उघडा उभा असतो. त्याचे दात मोजले जातात, त्याला चालवून पाहिले जाते, खुरात काठी घालून बघितली जाते. आणि सौदा तुटला तर दोघांनाही ओळखणारा हेडी पुढच्या रविवारी त्याच झाडाखाली सापडणार असतो. मोबाईलवरच्या लिलावात याच्या बरोबर उलट स्थिती असते: बोली सगळ्या जगाला दिसते, बैल कोणालाच दिसत नाही.

आपल्या कायद्यानेही या व्यवहाराची दखल पूर्वीच घेतलेली आहे. १९३० सालच्या मालविक्री अधिनियमाचे ६४ वे कलम केवळ लिलावाविषयी आहे. हातोडा पडला किंवा रूढ रीतीने सौदा पक्का झाल्याचे पुकारले गेले म्हणजे विक्री पूर्ण होते. तोवर कोणाही बोलीदाराला आपली बोली मागे घेता येते. विक्रेत्याने स्वतःसाठी बोलीचा हक्क आधी जाहीरपणे राखून ठेवला नसेल, तर त्याला स्वतः किंवा हस्तकाकरवी बोली लावता येत नाही, आणि किंमत फुगवण्यासाठी खोटी बोली लावली गेली असेल, तर खरेदीदाराला तो सौदा रद्द ठरवता येतो. ‘विक्रेत्याचाच मेहुणा बोली चढवतो’ ही तक्रार आजच्या संग्राहकांत जितकी सार्वत्रिक आहे तितकीच ती त्या काळीही असली पाहिजे, एरवी कायदा करणाऱ्यांनी तिच्यासाठी स्वतंत्र पोटकलम कशाला खर्ची घातले असते? १९३० हा आकडा वाचकाने ध्यानात ठेवावा. तो पुढे अगदी निराळ्या वेषात पुन्हा भेटणार आहे.

आता आंतरजालावरच्या लिलावाची उत्पत्ती पाहू, कारण अण्णांच्या पाचशे रुपयांचे मूळ तिच्यात आहे. १९९५ साली अमेरिकेत पियरे ओमिड्यार नावाच्या संगणकतज्ज्ञाने जे लिलावाचे पान सुरू केले आणि जे पुढे ईबे या नावाने जगद्विख्यात झाले, त्यावर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे लेझर किरणाचा एक मोडका दर्शक होता, आणि तोही १४ डॉलर ८३ सेंटांना गेला. परस्परांना कधीही न पाहिलेल्या माणसांत विश्वास कसा उत्पन्न करावा, हा त्या उद्योगापुढचा आदिप्रश्न होता. त्यावरचा पहिला तोडगा, म्हणजे प्रत्येक व्यवहारानंतर दोन्ही पक्षांनी एकमेकांविषयी बरावाईट शेरा मारण्याची पद्धत, १९९६ साली अमलात आला. आपल्याकडे २००० साली मुंबईत बाजी डॉट कॉम निघाले. २००४ साली ईबेने ते सुमारे पाच कोटी डॉलरना विकत घेतले आणि त्याचेच पुढे ईबे इंडिया झाले. या भारतीय शाखेची ‘पैसापे’ नामक एक व्यवस्था होती, जिच्यात खरेदीदाराचे पैसे विक्रेत्याच्या हाती परस्पर न पडता मधल्या मध्ये थांबत आणि वस्तू पोचल्याची खातरजमा झाल्यावर पुढे सरकत. १४ ऑगस्ट २०१८ रोजी ती शाखा बंद झाली. नाणी, टपाल तिकिटे, जुनी घड्याळे, ग्रामोफोनच्या तबकड्या यांच्या शौकिनांतील पुष्कळजण त्यानंतर व्हॉट्सॲप आणि फेसबुकवरच्या गटांत विखुरले, जिथे रात्री नऊ वाजता एक गृहस्थ छायाचित्र टाकतो, दहापर्यंत बोली चालते आणि पैसे थेट त्याच्या खात्यावर जातात. लिलाव चालू राहिला. पैसे धरून ठेवणारा तिसरा इसम तेवढा नाहीसा झाला.

हा तिसरा इसम काही परदेशी कल्पना आहे असे समजण्याचे कारण नाही. आपल्या सावकारीत हुंडीचे जे प्रकार प्रचलित होते, त्यांत शाहजोग हुंडीचे पैसे कोणाही आल्यागेल्याला न देता बाजारात पत असलेल्या शाहालाच द्यायचे असत, आणि जोखमी हुंडी तर मालाशीच बांधलेली असे: माल मुक्कामी सुखरूप पोचला तरच ती पटायची, वाटेत बुडाला तर ती नुसता कागद. पुढे १८७७ साली टपाल खात्याने व्ही. पी. ची पद्धत सुरू केली आणि खाकी गणवेशातला पोस्टमन हाच खेड्यापाड्यांतला तिसरा इसम झाला; पुण्या-मुंबईच्या दुकानदाराकडून औषधे, पंचांगे आणि बाजाच्या पेट्या मागवणाऱ्या कित्येक पिढ्यांनी पार्सल दारात आल्यावरच पैसे मोजले. व्ही. पी. च्या डब्यात विटांचे तुकडे निघाल्याच्या कथाही त्या पिढ्यांनीच आपल्याला सांगितल्या, कारण पोस्टमन पैसे घेतल्याशिवाय डबा उघडू देत नसे. तिसरा इसम असला म्हणजे फसवणूक संपते असा माझा दावा नाही. तो असला म्हणजे दाद कोणाकडे मागायची हे निदान ठाऊक असते.

ठकांच्या यच्चयावत युक्त्या या दृष्टीने तपासून पाहिल्या, तर त्यांचे बाह्य रूप कितीही भिन्न असले तरी अंतर्यामी त्या एकाच खटपटीत असलेल्या दिसतात. कोणी म्हणतो, दलाली वाचवू. कोणी आपण सैन्यात असून बदलीचा हुकूम आल्यामुळे मोटारसायकल मातीमोल भावाने काढतो आहोत असे सांगतो आणि ओळखपत्राचे छायाचित्र पाठवतो, जे बहुधा पूर्वी फसलेल्या एखाद्या खऱ्या जवानाकडूनच उकळलेले असते. कोणी त्याहून चतुर असतो: तो स्वतःच तिसरा इसम उभा करतो, म्हणजे ‘आपले पैसे आम्ही सुरक्षित ठेवतो’ अशी ग्वाही देणारे एक बनावट संकेतस्थळ रचतो आणि विक्रेता व जामीनदार या दोन्ही भूमिका एकाच गादीवर बसून वठवतो. म्हणून जामीनदार सुचवण्याचा अधिकार विक्रेत्याला कधीही देऊ नये. तो लिलावगृहाचा स्वतःचा असावा किंवा आपण निवडलेला असावा.

शेऱ्यांच्या पद्धतीलाही कीड लागते. वीस-वीस रुपयांची साठ तिकिटे इमानेइतबारे पोचवून साठ उत्तम शेरे गोळा करायचे आणि एकसष्टाव्या वेळी चाळीस हजारांचा कॅमेरा लिलावाला काढून अंतर्धान पावायचे, हा डाव ज्यांना नवा वाटत असेल त्यांनी ऊसतोडीच्या एखाद्या वाहनमालकाला विचारावे. मुकादम पहिल्या वर्षी टोळी वेळेवर आणतो, दुसऱ्या वर्षीही आणतो, तिसऱ्या वर्षी उचल दुप्पट मागतो आणि दसऱ्यानंतर त्याचा फोन लागत नाही. अशा उचलीपायी जमिनी गहाण पडलेली घरे या पट्ट्यात आहेत. तेव्हा शेरे किती आहेत हे पाहण्यापेक्षा ते कोणत्या किमतीच्या आणि कोणत्या जातीच्या मालावर मिळालेले आहेत, अलीकडच्या दोन महिन्यांत त्यांचा सूर पालटला आहे काय, हे पाहावे. आणि जो विक्रेता वर्षभर टपाल तिकिटे विकत होता तो एकाएकी ट्रॅक्टर विकू लागला, तर त्याचे खाते दुसऱ्याच कोणी बळकावले असण्याचा संभव विचारात घ्यावा.

ट्रॅक्टरचे नाव निघालेच आहे तर त्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण माळशिरस, पंढरपूर, सांगोला या भागात नाण्यांचे शौकीन हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आणि जुन्या ट्रॅक्टरचे गिऱ्हाईक घरटी एक अशी स्थिती आहे. हप्ते थकल्यामुळे ओढून आणलेल्या ट्रॅक्टरांचे लिलाव खरोखरच होतात आणि त्यांत कित्येकदा माल स्वस्त मिळतो. या सत्याच्या आश्रयानेच खोटे लिलाव फोफावतात. एखाद्या बँकेचे बोधचिन्ह लावलेले पान, दोन लाखांच्या आत किंमत असलेले चार ट्रॅक्टर, आणि ‘टोकन भरून आरक्षित करा’ अशी सूचना. खऱ्या लिलावात बयाणा रक्कम बँकेच्या किंवा वित्तसंस्थेच्या नावाच्या खात्यात भरली जाते, वाहन ज्या आवारात उभे आहे तिथे जाऊन ते पाहण्याची तारीख दिलेली असते, आणि विक्री ‘जसे आहे, जेथे आहे’ या शर्तीवर असते. ही शर्त ऐकायला निरुपद्रवी असली तरी तिचा अर्थ असा, की इंजिनाचा गट्टू निकामी निघाला तरी नंतर तक्रार चालणार नाही. म्हणून मेस्त्रीला बरोबर घेऊन जाणे आणि चासीचा क्रमांक आर. सी. बुकाशी ताडून पाहणे, यांवर खर्च होणारा दिवस वाया गेला असे समजू नये. ज्याप्रमाणे जमीन घेताना आपण सातबाऱ्यावरचा बोजा पाहतो, त्याप्रमाणेच परिवहन खात्याच्या ‘वाहन’ या नोंदवहीत गाडीवरचा बोजा दिसतो. तो उतरवण्यासाठी वित्तसंस्थेची सही असलेला ३५ नंबरचा फॉर्म आणि नाव फिरवण्यासाठी २९ व ३० नंबरचे फॉर्म लागतात, आणि हे कागद ‘मागाहून पाठवतो’ म्हणणाऱ्याला पैसेही मागाहूनच पाठवावेत. घर वा जमीन बँकेने तारण-कायद्याखाली लिलावात काढली असेल तर मामला अधिक कडक असतो: बोली मान्य झाली, की त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी बयाण्यासह चौथा हिस्सा आणि विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत उरलेली रक्कम भरावी लागते, मुदत हुकली तर भरलेले जप्त होऊ शकते. उत्साहाच्या भरात बोली लावून मग कर्जासाठी पतपेढीच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांचे नुकसान कोणा ठकाने केलेले नसते, हे ओघात सांगून ठेवतो.

विकणाऱ्याकडे विकण्याचा हक्क तरी आहे काय, हा प्रश्न विसरला गेल्याचे सर्वांत भव्य उदाहरण रोमच्या इतिहासात आहे. इ. स. १९३ मध्ये सम्राटाचा खून करून त्याच्याच अंगरक्षक सैन्याने रोमचे साम्राज्य लिलावात काढले, आणि डिडियस ज्युलियानस नावाच्या धनाढ्य गृहस्थाने दर शिपायामागे २५,००० सेस्टर्सची बोली लावून ते जिंकले. सहासष्ट दिवसांनी त्याचा शिरच्छेद झाला, कारण जे विकले गेले ते विकणाऱ्यांचे नव्हतेच.

नाण्यांच्या बाबतीत हा हक्काचा प्रश्न आपल्याकडे बराच गुंतागुंतीचा आहे. नांगरताना सापडलेला हंडा परस्पर लिलावात काढता येत नाही. १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन जमिनीत सापडले तर त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्याला द्यावी लागते. शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांना १९७२ चा पुरावस्तू अधिनियम लागू होतो आणि त्यांची परदेशी रवानगी खाजगी माणसाला करता येत नाही, त्यामुळे ‘लंडनचा खरेदीदार तुमच्या नाण्याला दहा लाख देतो’ हा निरोप, इतर सर्व बाजूला ठेवले तरी, कायद्याच्या दृष्टीनेच लंगडा असतो. वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाच रुपयांचे नाणे किंवा शेवटी ७८६ असलेली नोट लाखोंना विकून देण्याच्या मिषाने ‘नोंदणी शुल्क’, ‘कर’, ‘रिझर्व्ह बँकेचे कमिशन’ अशा नावांखाली लोकांना लुबाडण्याचे प्रकार इतके वाढले, की ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेला स्वतंत्र पत्रक काढून सांगावे लागले, की आपण असल्या व्यवहारांत पडत नाही आणि कोणाकडूनही त्यासाठी शुल्क मागत नाही. ज्या व्यवहारात विकणाऱ्यालाच आधी पैसे भरावे लागतात, तो व्यवहार उताणा पडलेला आहे, हे ओळखायला नाणकशास्त्राचे ज्ञान लागत नाही.

विकणाऱ्याचीच फसवणूक करणाऱ्या युक्त्यांपैकी क्यूआरची युक्ती, म्हणजे ‘पैसे मिळवण्यासाठी हा कोड टिपा आणि पिन टाका’ असे सांगण्याची, तर आता गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक झाली आहे, तरी तिला बळी पडणारे अजून भेटतात. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे बाहेरच गेले. अशीच दुसरी युक्ती पैसे भरल्याच्या खोट्या चित्राची. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे आपल्या खात्यातली शिल्लक स्वतः उघडून पाहिल्याशिवाय वस्तू हातावेगळी न करणे.

बोली लावण्याची रीतही थोडी समजून घेतली तर मेहुण्यांच्या बोलीपासून बराच बचाव होतो. पुष्कळ संकेतस्थळांवर आपली कमाल रक्कम गुप्तपणे नोंदवता येते, आणि यंत्र आपल्या वतीने गरजेपुरतेच चढत जाऊन दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीपेक्षा एक पायरी वर थांबते. टपाल तिकिटांच्या संग्राहकांत ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून होती आणि तिचे गणित विल्यम विकरी या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली मांडले, ज्याबद्दल १९९६ साली त्यांना नोबेल मिळाले आणि जाहीर झाल्यानंतर तीनच दिवसांनी ते निवर्तले. या गणिताचा व्यवहारातला अर्थ असा, की वस्तू आपल्याला जेवढ्या किमतीची वाटते तेवढी रक्कम एकदाच नोंदवून झोपी जावे. पायरी-पायरीने चढणाऱ्या माणसालाच पेरलेली बोली वर ओढू शकते.

इतके करूनही तंटा उद्भवलाच, तर पहिला प्रश्न असा विचारावा, की पैसे कोणत्या प्रकारे गेले. पैसे खात्यातून वजा झाले पण समोरच्याला पोचलेच नाहीत, तर तो केवळ यांत्रिक बिघाड असतो, आणि रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे दोन व्यक्तींमधल्या यूपीआय व्यवहारात अशी रक्कम दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यावी लागते, न आल्यास दर दिवशी शंभर रुपये भरपाई. आपल्या नकळत, आपला काही दोष नसताना कोणी पैसे काढले, तर जुलै २०१७ च्या परिपत्रकाने तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवणाऱ्या ग्राहकाला पूर्ण संरक्षण दिले. पण आपणच आपल्या बोटाने पिन दाबून पैसे पाठवले असतील, जसे अण्णांनी पाठवले, तर हे कवच अंगावर चढत नाही. बँकेच्या दृष्टीने तो मालकाचा हुकूम असतो आणि तिने तो तामील केलेला असतो. कार्डाने भरलेल्या रकमेबाबत स्थिती जरा बरी, कारण वस्तू न आल्यास किंवा वर्णनाहून भिन्न आल्यास कार्ड देणाऱ्या बँकेकडे ठरावीक मुदतीत हरकत नोंदवून रक्कम उलटवून घेण्याची कैफियत मांडता येते. म्हणजे पैसे देण्याचे साधन निवडतानाच आपण आपल्या तंट्याचे न्यायालय निवडत असतो.

स्वतःहून पाठवलेल्या पैशांसाठी मार्ग उरतो तो १९३० चा, आणि हाच तो आकडा जो वर कायद्याच्या सालाच्या वेषात भेटला होता. केंद्रीय गृहखात्याने २०२१ मध्ये सुरू केलेल्या या दूरध्वनी-सेवेला फसवणुकीची वर्दी दिली, की ती संबंधित बँकांना कळवली जाते आणि पैसे ज्या ज्या खात्यांतून पळत असतील तिथे, अजून शिल्लक असतील तर, अडकवून ठेवले जातात. ठकाचे पैसे एका खात्यात क्वचितच विसावतात, म्हणून पहिले काही तास मोलाचे. शरमेने दोन दिवस गप्प बसणे हीच या बाबतीतली सर्वांत महागडी सवय आहे. पोलिसांकडे गुन्हा नोंदतो तो आता भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमाखाली, जरी लोकांच्या तोंडी ‘चारशेवीस’ अजून बरीच वर्षे राहील.

ग्राहक आयोगाचा दरवाजाही आहे, परंतु तो सर्वांना उघडत नाही. २०१९ च्या ग्राहक कायद्याने खरेदीदाराला आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे श्रीपूरच्या माणसाला सोलापुरात, तक्रार करण्याची मुभा दिली, पाच लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क ठेवले नाही आणि दोन वर्षांची मुदत दिली. २०२० च्या ई-व्यापार नियमांनी संकेतस्थळाला तक्रार-अधिकारी नेमून अठ्ठेचाळीस तासांत पोच आणि महिनाभरात निकाल देण्याचे बंधन घातले. पण तेच नियम असेही सांगतात, की जो इसम नित्याचा धंदा म्हणून न विकता व्यक्तिगत नात्याने एखादी वस्तू विकतो त्याला ते लागू नाहीत. आणि लिलावाच्या गटांतले निम्मे विक्रेते तंटा झाल्याबरोबर ‘घरातली आजोबांची पेटी होती हो’ असे म्हणू लागतात. उसाच्या बिलासाठी निदान चौदा दिवसांची आणि नंतर पंधरा टक्के व्याजाची तरतूद १९६६ च्या नियंत्रण आदेशात आहे. दोन अनोळखी माणसांनी रात्री दहा वाजता व्हॉट्सॲपवर केलेल्या सौद्यासाठी अशी कोणतीही मुदत कोणीही लिहून ठेवलेली नाही.

त्या सकाळी आम्ही १९३० ला फोन लावला, तक्रारीचा क्रमांक एका जुन्या पंचांगाच्या मुखपृष्ठावर लिहून घेतला, आणि मग अण्णांनी मूळ संकेतस्थळाच्या आतूनच विक्रेत्याला विचारले. दुपारी त्याचे उत्तर आले, की नाणे विजयी बोलीदाराला रवाना झाले असून पहाटेच्या संदेशाची आपल्याला वार्ताही नाही. पाचशे रुपये आजतागायत आलेले नाहीत. अण्णा त्यांना ‘वळवळीचा दंड’ म्हणतात.

पौषात अण्णांनी दुसऱ्या एका, दुदांडी प्रकारच्या शिवराईवर बोली लावली, या वेळी संकेतस्थळाच्या आतूनच पैसे भरले, आणि बोलीपूर्वी विक्रेत्याकडून त्या दिवशीच्या वर्तमानपत्रावर ठेवलेल्या नाण्याचे, दोन्ही बाजूंचे आणि कडेचे, छायाचित्र मागवून घेतले; कडेचे अशासाठी, की ओतीव नकली नाण्याच्या कडेला साच्याचा सांधा बहुधा राहतो. पार्सल आले तेव्हा त्यांनी ते उघडले नाही. मला बरोबर घेऊन ते अकलूजच्या सोनाराकडे गेले, बंद डबी तराजूवर ठेवायला लावली आणि तो आकडा कुरिअरच्या पावतीवरच्या वजनाशी ताडून पाहिला; नंतर माझ्या हाती मोबाईल देऊन चित्रण चालू ठेवायला सांगितले, डबी फोडली, नाणे बाजूला काढले आणि नुसती डबी, कापूस व कागदासह, पुन्हा तराजूवर ठेवली. सोनार हसू आवरत होता. अण्णांनी खिशातली वही काढली आणि चाळीस वर्षांच्या हाताने तीन रकाने आखले. भरलेली गाडी, बहात्तर ग्रॅम. रिकामी गाडी, त्रेसष्ट. निव्वळ माल, नऊ ग्रॅम, दुदांडी. खाली तारीख, वेळ आणि सही.